चौदा हजार भाऊ

"काकू, झाली का लाडक्या बहिणीची केवायसी?"

"कशाची होतीय बाई! ओटीपी येतो पोराच्या फोनवर, पोरगं पुण्याला. त्यानं फोन उचलूस्तोवर ओटीपीची वेळ संपती."

काकू कुंपणापलीकडं शेंगा फोडत बसलेल्या. आपल्या बीडच्या नारायणगडाच्या पायथ्याला हल्ली बाया भेटल्या की पहिली विचारपूस हीच: हप्ता पडला का, नाव राहिलं का.

"अन् ते चौदा हजार गडी? त्यांची कागदं कुणी तपासली होती म्हणं?"

बातमी खोटी नव्हती. 2025 च्या जुलैत उघड झालं की लाडकी बहीण योजनेचे पैसे 14,298 पुरुषांच्या खात्यात गेलेत. सगळे मिळून 21 कोटी 44 लाख. वर दोन हजारांहून जास्त सरकारी नोकरदार बायाही यादीत सापडल्या.

"मिशीवाल्या बहिणी!" काकू हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. "पर नावं कुठं वाचली त्यांची? आपल्या सप्त्यात एक्कावन्न रुपयाची पावती फाडली तरी भोंग्यावर नाव येतं."

हे मात्र खरं. काल्याचं कीर्तन झालं, महाप्रसादाच्या पंगती उठल्या की वही उघडते. मंडपाचे इतके, आचाऱ्याचे इतके, बुवांची बिदागी, जनरेटरचं डिझेल, गव्हाची पोती किती आली, किती उरली. मागल्या बाजूनं एखादा म्हातारा ओरडतोच, "तेलाचे डबे किती ते परत वाच!" आणि वाचणाऱ्याला परत वाचावं लागतं. त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

"सरकारची वही जाडजूड असती काकू. राज्याचं 2025-26 चं बजेट सात लाख कोटींचं होतं. कर्जच तेव्हा नऊ लाख कोटींच्या वर."

"म्हंजे डोक्यावर किती?"

"माणशी सत्तर हजार धरा."

"अगं बया! मी कधी घेतलं?"

"तुमच्या हप्त्यासाठी आधी 46 हजार कोटी म्हणाले होते, पुढच्या साली 36 हजार केले."

"अन् पंधराशाचे एकवीसशे करणार होते, त्याचं काय?"

त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि काकू त्यासाठी थांबल्याही नाहीत. खरी मेख मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. 2025 मध्येच या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकासाचे 335 कोटी वळवले. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली, म्हणून निदान कळलं तरी. म्हणजे एका गरिबाच्या ताटातली भाकर दुसऱ्या गरिबाच्या ताटात, आणि वाढप्याला दोन्हीकडून दुवा.

"मंग तपासणारं कुणी नाही का?"

"आहे की. कॅग. जलयुक्त शिवार आठवतंय?"

"नाही कसं आठवणार! नाला खोल केला होता, पाटी होती निळी."

पाणी अडवण्याच्या त्या योजनेवर 9,633 कोटी खर्च झाले. कॅगनं ज्या सहा जिल्ह्यांतली गावं तपासली त्यात आपलं बीडही होतं. 2020 च्या सप्टेंबरात अहवाल विधिमंडळात आला: पाण्याची गरज भागवायला आणि भूजल वाढवायला योजनेचा फारसा उपयोग झाला नाही. योजना सुरू झाली 2014 च्या डिसेंबरात. म्हणजे वही वाचली, पण मंडप सुटून आचारी गावाला गेल्यावर.

"अन् आपण विचारलं तर?"

"दहा रुपयांचा माहितीचा अर्ज. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गावातल्या पैशाचं तर ग्रामसभेतच विचारता येतं. तिच्या आधी बायांची वेगळी सभाही घ्यावी लागती."

"सभा? आपल्याकडं रजिस्टर घरी येतं, सही कर म्हणत्यात."

"मग करता?"

"चुलीवर दूध असतं गं, करून टाकते." काकूंनी टरफलं पदरातून झटकली, आजूबाजूला बघितलं आणि कुंपणाला अगदी टेकल्या. "ते जाऊ दे. त्या चौदा हजारांत आपल्या गावचा एखादा असंल का गं? मला एकावर दाट वहीम हाय. मागल्या दिवाळीत त्यानं नवा मोबाइल घेतला, अन् बायको अजून केवायसीला माझ्याकडंच येती!"