बक्कल घ्या, पट्टा राहू द्या!

१९५९ साली नील्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट बनवला आणि व्होल्वोने त्याचं पेटंट साऱ्या जगाला खुलं करून टाकलं. लोकांचे जीव वाचावेत म्हणून! कुणीतरी समजवायला हवं होतं, की बाबांनो, इतका लांबलचक पट्टा कशाला? आमच्याकडे नुसतं बक्कल खपतं.

खोटं वाटत असेल तर ॲक्सेसरीजच्या दुकानात डोकवा. बोटभर लांब, चकचकीत पाती, वर गाडीच्या कंपनीचं बोधचिन्ह. खाचेत खुपसली की टक्क! पट्टा न लावल्याची टुंग टुंग बंद. गाडीची खात्री पटते, साहेब शिस्तीचे आहेत. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांचे कान उपटले, तेव्हा या मालाच्या १३ हजारांहून जास्त जाहिराती उतरवाव्या लागल्या. ज्यांना एवढाही खर्च सोसवत नाही, ते पट्टा पाठीमागून घेऊन अडकवतात आणि त्यावर रेलून बसतात. गाडी गप्प, पोलीसही गप्प.

एअरबॅगचंही तेच. २०१९ पासून चालकाला ती सक्तीची झाली, पुढे शेजारच्यालाही मिळाली. सहा एअरबॅगची सक्ती मात्र ऑक्टोबर २०२२ वरून ऑक्टोबर २०२३ वर गेली आणि नंतर सक्तीची गरजच नाही असं ठरलं. आहे त्या एअरबॅगच्या झाकणावर आम्ही दुहेरी टेपने बाप्पा बसवतो. पिशवी फुगते पापणी लवायच्या आत. म्हणजे विघ्नहर्ता थेट तोंडावर प्रसन्न!

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या कार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर चार दिवस घरोघरी मागच्या सीटवर उत्खनन चाललं. बक्कल सापडेना, कारण नवी गाडी घरी आल्या आल्या आपण जे रेक्झिनचं कव्हर चढवलं, त्याखाली ते जिवंत गाडलेलं. एकदोघांना ते सापडलंही. सोबत शेंगदाण्याची टरफलं आणि हरवलेलं पेन.

१ एप्रिल २०२५ पासून नव्या गाड्यांत मागच्या सीटलाही टुंग टुंग आली. आता दुकानदार आजूबाजूला बघून हळूच विचारतो, ‘‘साहेब, दोनच देऊ की पाचाचा फॅमिली सेट?’’