जे कमी असेल ते

स्पर्धा परीक्षेच्या पोरांना राज्य सरकार तोंडपाठ असतं. विधानसभा 288, विधान परिषद 78, मंत्री विधानसभेच्या 15 टक्क्यांहून जास्त नकोत, हिवाळी अधिवेशन नागपूरला, आणि नागपूरलाच का, तर 1953चा नागपूर करार. अर्ध्या झोपेत विचारा, सांगतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चार्जिंगला लावलेला मोबाइल कुणी उचलून नेला तरी आम्हाला पत्ता लागत नाही, पण राज्यपाल वटहुकूम कधी काढू शकतात हे पक्कं ठाऊक असतं.

या घोकंपट्टीत माझी एक लाडकी जागा आहे: गणपूर्ती. विधानसभेची बैठक चालायला दहा सदस्य किंवा एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा, 'यांपैकी जे जास्त असेल ते' हजर लागतात. म्हणजे आपल्याकडे 29. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, 'यांपैकी जे कमी असेल ते'. प्रश्नपत्रिका काढणारे याच जास्त-कमीत पोरांना गाठतात. आमचे सर म्हणायचे, "पाठ करा, कारणात शिरू नका." मी शिरलो. आमदाराला वेतन आहे, भत्ता आहे, माणसं कमी पडली तर बोलवायला घंटा आहे. त्याच्याकडून कायदा जास्तीची अपेक्षा धरतो. गावकऱ्याकडून कमीची. तीन हजार मतदारांच्या गावात साडेचारशे कुठून गोळा करणार? शंभर आणा, भागेल. तेवढेही नाही आले तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. हा नियम ज्यानं लिहिला तो मंत्रालयात बसून लिहीत असला, तरी आधी कुठल्या तरी पारावर बराच वेळ बसून आलेला असणार.

एरवी आपण आपल्या वतीनं माणूस निवडून पाठवतो आणि पाच वर्षं त्याला नावं ठेवतो. ही सोय ग्रामसभेत नाही. तिथं स्वतः जायचं असतं. नेमकं तेच जड जातं.

आमच्या गावची सभा 1 मेला झेंडावंदनानंतर, शाळेच्या ओट्यावर. सतरंजी अंथरलेली, सरपंचाच्या खुर्चीमागे पंखा, आणि भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, मागील सभेचं इतिवृत्त अशा सुरात वाचतात की ऐकणाऱ्याला लहानपणीचा पाळणा आठवावा. सह्यांची वही फिरते. लोक सही करतात आणि जनावरांना पाणी पाजायचं राहिलं म्हणून उठतात. कागदावर गाव भरगच्च, सतरंजीवर फुलाफुलांची नक्षी दिसत असते. रंग चढतो तो शेवटी, 'ऐनवेळच्या विषयां'त. घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव, नळाला कुणाची मोटार, सगळं तिथंच निघतं. तंटामुक्त समितीचा अध्यक्ष निवडताना आमच्याकडे जो तंटा होतो, तो सोडवायला दुसरी समिती लागेल.

उलटी उदाहरणं आहेत, नाही असं नाही. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा घ्या. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं ते गाव. तिथं बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं ठरवतात. एकाला पटेना तर पुन्हा बसतात. 2009मध्ये त्यांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आमच्या परीक्षेत याला एक गुण. एक गुण देऊन मोकळं व्हावं इतकं ते सोपं नसणार. पुन्हा पुन्हा बसायचं म्हणजे शेजारच्याचं तेच ते रडगाणं पुन्हा ऐकून घ्यायचं. क्रांतीपेक्षा मांडी घालून बसायची ताकद त्याला जास्त लागते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

यंदा काकूनं मला ओट्याच्या पायरीवरच धरलं. "काय रे साहेबा, सरकारच शिकतोयस ना? मग सांग, आपल्या पाणंदीतला चिखल कुठल्या कलमात बसतो?"

"काकू, राज्यमार्ग बांधकाम खात्याकडे, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे..."

"आन् पाणंद?"

"पाणंद अडवली असेल तर तहसीलदार. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906."

"1906चा? मग तुझ्या आज्याला कसा ठाऊक नव्हता?"

याला अभ्यासिकेत उत्तर मिळत नाही. पण पाणंदीत कुंपण सरकवणारा गडी पुढच्याच रांगेत बसला होता, आणि कलम म्हटल्यावर त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, हे मी बघितलं.

त्या दिवशी विषय निघालाच नाही. शंभर भरले नाहीत, सभा तहकूब. पुढच्या तारखेला मी पुण्याची एसटी लांबवून थांबलो. आलेली माणसं आणखी कमी. कुंपणवाला लग्नाला गेलेला. काकूनं उभं राहून पाणंद मोजून घ्यायची मागणी केली, ती तावातावानं नव्हे, तर भाजीचा भाव विचारावा तशी. सरपंचांनी इकडंतिकडं पाहिलं. "सूचक कोण?" काकू. "अनुमोदक?" सगळे सतरंजीची नक्षी न्याहाळू लागले. मी हात वर केला. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं.

आयोगाच्या यादीत नाव यायचं तेव्हा येईल. ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंगात ते आलंय, आडनावाची वेलांटी चुकवून.