चौकाला लांबी नसते

पुण्यातल्या सायकल ट्रॅकची टिंगल करणं फार सोपं आहे, आणि त्यामुळेच त्यात थोडा अन्याय होतो. ट्रॅकच्या मधोमध झाड, झाडापुढे विजेचा फीडर पिलर, पिलरला खेटून दुचाक्यांची रांग आणि रांगेच्या टोकाला पीएमपीचा थांबा, एवढं दिसलं की लोक निकाल देऊन मोकळे होतात : ट्रॅक फसला. पण एखादं काम फसलं की साधलं हे ठरवण्याआधी ते कशासाठी काढलं होतं ते पाहायला हवं. २००६ मध्ये सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्यावर बीआरटी आली आणि तिच्या जोडीने पदपथालगत सायकल ट्रॅक आले. २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. दर वेळी चर्चा झाली ती किलोमीटरांची. किलोमीटर ठरले, किलोमीटर मंजूर झाले, जमतील तेवढे बांधून झाले. त्यांवरून कोणी सायकलने सुखरूप घरी पोहोचेल, असं वचन एकाही कोनशिलेवर कोरलेलं नाही. तेव्हा फसल्याचा आरोप तूर्त मागे घ्यावा आणि या कामाची परीक्षा त्याच्याच मापाने करावी.

हे माप लांबीचं आहे. निविदेत काम लांबी-रुंदीने मोजतात, मोजमाप पुस्तकात ते तसंच चढतं, आणि वार्षिक अहवालात पोहोचेपर्यंत त्यातली रुंदी गळून फक्त लांबी उरते. सरळसोट रस्त्याच्या कडेने लांबी भराभर पदरात पडते : जुना पदपथ उकरायचा, खडी पसरायची, पेव्हर ब्लॉक बसवायचे, वर सायकलचं चित्र काढायचं. चौकात हे जमत नाही. तिथे सिग्नलच्या वेळा बदलाव्या लागतात, वाहतूक पोलिसांशी बोलावं लागतं, जमिनीखालच्या केबल आणि वाहिन्या सरकवाव्या लागतात, फ्री लेफ्टची चटक लागलेल्या मोटारींचा वेग उतरवावा लागतो. एवढी उस्तवार करून अहवालात भर पडते ती पाचपन्नास मीटरची. म्हणून ट्रॅक शहाणपणाने चौकाच्या अलीकडे संपतो आणि पलीकडे पुन्हा उगवतो. मधल्या जागेत सायकलस्वाराने काय करायचं, हा प्रश्न त्याच्या श्रद्धेवर सोपवलेला असतो.

धोक्याचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे. सरळ पट्ट्यावर सायकल आणि मोटार एकाच दिशेने, समांतर चाललेल्या असतात. त्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात त्या चौकात. डावीकडे वळणारी बस आणि सरळ जाणारी सायकल ही तिथली ठरलेली गाठ. त्यात ट्रॅकवरचा स्वार तोवर झाडं, फलक आणि उभ्या गाड्यांच्या आड असतो. चालकाला तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा बसचं तोंड वळून झालेलं असतं. याचे उपाय काही गूढ नाहीत. कोपऱ्याची गोलाई आवळायची म्हणजे वळणारं वाहन आपोआप हळू होतं, ट्रॅक चौकातूनही थोडा उंच आणि सलग न्यायचा, कोपऱ्यापासून काही मीटर मोटारी उभ्या राहणार नाहीत असं बघायचं, सायकली आणि पादचाऱ्यांना हिरवा दिवा काही सेकंद आधी द्यायचा. हे सगळं वगळून फक्त सरळ पट्टे बांधणं म्हणजे नदीवर पूल बांधताना दोन्ही काठांचे भराव चोख करावेत आणि पाण्यावरचा तेवढा भाग सोडून द्यावा, तसं आहे. असा पूल कोणी स्वीकारणार नाही. असा ट्रॅक मात्र आपण स्वीकारतो, कारण चौक ओलांडण्याची जबाबदारी ओलांडणाऱ्याची, हे आपल्याकडे पूर्वापार ठरलेलं आहे.

लांबीचं माप एकदा धरलं की ट्रॅकवरच्या अडथळ्यांचाही उलगडा होतो. झाड उद्यान विभागाचं, खांब विद्युत विभागाचा, डीपी महावितरणची, चेंबर मलनिस्सारणचं, थांबा पीएमपीचा, टपरी अतिक्रमण विभागाची. पथ विभागाकडे उरते ती या सगळ्यांच्या मधली जागा, आणि ती तो इमानेइतबारे ब्लॉक बसवून भरून काढतो. प्रत्येक विभागाचं काम नियमात बसतं. एकटा सायकलस्वार कोणत्याच विभागाचा नसतो. झाडाला राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचं कवच आहे आणि ते असायलाच हवं. पण त्या कायद्याने झाड पाडायला आडकाठी केली आहे, ट्रॅक वळवायला केलेली नाही. ट्रॅक वळवायचा तर हातभर जागा मोटारींच्या रस्त्यातून घ्यावी लागते, आणि तिथे झाडाच्या कायद्याहून कडक असा एक अलिखित कायदा आडवा येतो.

हाच अलिखित कायदा सोसायट्यांच्या फाटकांपाशी दिसतो. मोटार आत-बाहेर करताना तिला गचका बसू नये म्हणून ट्रॅक दर फाटकाला खाली उतरतो आणि पुढे पुन्हा चढतो. दोन चाकं आणि स्वतःचे पाय एवढ्याच भांडवलावर चाललेला माणूस दर पन्नास पावलांवर गचके खातो, आणि इंजिन असलेलं वाहन सपाटीवरून जातं. ट्रॅक एका पातळीत ठेवून मोटारीला चढायला लावलं, तर तिचा वेग फाटकातच उतरेल आणि तिच्या चालकाला समोर कोण आहे ते बघायला सवड मिळेल. म्हणजे इथे आराम आणि सुरक्षितता एकाच बाजूला होती, आणि आपण नेमकी दुसरी बाजू निवडली. पेव्हर ब्लॉकचंही तसंच. पाइप फुटला की उचलून परत बसवता येतात, हा त्यांचा मोठा गुण. परत बसवताना ते पहिल्या पातळीत येत नाहीत, हा छोटा दोष. त्यातून पडलेल्या फटी आणि प्रवासाच्या दिशेने बसवलेल्या जाळ्यांच्या चिरा सायकलच्या अरुंद टायरच्या मापाच्या असतात, तेव्हा हा छोटा दोष कोणाच्या तरी कोपराला समजतो. राहिले बोलार्ड. स्कूटर आत शिरू नये म्हणून ते रोवतात. पण स्कूटरचं आणि सायकलचं हँडल रुंदीला जवळपास सारखं असतं, त्यामुळे ज्या फटीतून सायकल जाते तिच्यातून स्कूटरही जाते. फट आणखी आवळली की दोन्ही अडतात आणि व्हीलचेअर त्यांच्याही आधी अडते. संध्याकाळी दिव्याविना उभा असलेला बोलार्ड मग कोणाला अडवतो, ते अंदाजाने ओळखावं.

आता सामायिकपणाकडे येऊ. पदपथ आणि सायकल ट्रॅक एकच करावा, म्हणजे एका खर्चात दोन कामं होतात, हा विचार कागदावर देखणा दिसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेने १९६२ मध्येच सायकल ट्रॅकची किमान रुंदी दोन मीटर आणि मागच्याने पुढच्याला ओलांडून जायचं असेल तर तीन मीटर सांगितली होती. याच संस्थेच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. बेरीज तीन मीटर ऐंशी सेंटिमीटर होते, आणि तीही झाड, खांब, टपरी वगळून. यातली निम्मी जागा असेल तिथे आपण रंग काढतो. रंगाने रुंदी वाढत नाही. तासाला चार-पाच किलोमीटरने चालणारे आजोबा आणि पंधराने येणारी सायकल एकाच चिंचोळ्या पट्टीवर आली की दोघांनाही दुसरा बेशिस्त वाटतो. रस्त्यावर मोटारींसाठी मोकळी सोडलेली जागा दोघांच्याही डोळ्यांसमोर असते, पण भांडण त्यांच्या आपसातच लागतं. एवढ्या स्वस्तात एवढी चोख व्यवस्था दुसऱ्या कुठल्या खात्याला जमली असेल, असं वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : सायकली आहेत कुठे? ट्रॅक रिकामे पडलेत, लोकांना नकोच आहेत. २०११ च्या जनगणनेत घरापासून कामापर्यंतच्या प्रवासाची माहिती गोळा केली गेली. शेती आणि घरगुती उद्योगाबाहेर काम करणाऱ्यांत अडीच कोटींहून जास्त लोक सायकलने कामावर जात होते. यातले पुष्कळ जण रखवालदार, गवंडी, पेपर टाकणारे, दूध घालणारे आहेत, आणि ते ज्या वेळी रस्त्यावर असतात त्या वेळी आक्षेप घेणारे झोपेत असतात. शिवाय ते ट्रॅकवर दिसत नाहीत, मुख्य रस्त्यावर दिसतात, जीव मुठीत धरून. रिकामा ट्रॅक शेजारी असताना माणूस बसच्या चाकाजवळून जाणं पसंत करतो, याचा अर्थ त्याला सायकल चालवायची नाही असा होत नाही. रोज वापरणाऱ्याने त्या ट्रॅकचं फुकट परीक्षण करून अहवाल दिलेला आहे. तो वाचायची तसदी तेवढी घ्यायची आहे.

दुसरा आक्षेप शिस्तीचा : आपल्या लोकांना शिस्त नाही, तिथे ट्रॅक बिचारा काय करणार? यात तथ्य आहे. दुचाकी ट्रॅकवर घालणं १९८९ च्या केंद्रीय नियमावलीतच मना होतं, त्याला सूट फक्त गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीची. तरी संध्याकाळी सहा वाजता दुचाकीवाला ट्रॅकवर चढतो, हे खरं. पण बेशिस्त कुठे फळेल आणि कुठे नाही, हे रचना ठरवते. रस्त्याच्या पातळीला उतरणारा, दोन्ही टोकांना उघडा आणि दिवसभर रिकामा असा पट्टा वर्दळीच्या रस्त्याला लावून ठेवला, तर त्यावर गाडी उभी राहील हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. फेरीवाल्यांचंही तेच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना जागा आखून द्यायची जबाबदारी पालिकेवर टाकली आहे. ती जागा आखली जात नाही, मग ते आखलेल्या जागेवर येतात. आणि आपल्याकडे रंगाने ठळक आखलेली मोकळी जागा कोणती असते?

तिसरा आक्षेप अरुंद रस्त्यांचा. पेठांसाठी तो मान्य. पण मग मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलाचं काय करायचं? ते गावठाण नाही, मोकळ्या जमिनीवर आखून वसवलेलं आहे. तिथे २०११ च्या सुमारास एमएमआरडीएने सायकल ट्रॅक केला, त्यावर मोटारी उभ्या राहिल्या, आणि २०२५ मध्ये तो काढून वाहनांसाठी मार्गिका वाढवण्याचं ठरलं. पवई तलावाच्या काठचा सायकल ट्रॅक तर मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. जिथे लोकांना कामावर जायचं असतं तिथला ट्रॅक उखडायचा आणि जिथे मगरींचा अधिवास आहे तिथे नवा आखायचा, या धोरणात रस्त्याच्या रुंदीचा प्रश्न मला तरी दिसत नाही.

उरला शेवटचा आक्षेप : आपण हॉलंड नाही. हॉलंडही एकेकाळी हॉलंड नव्हतं. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर बसले, पुढे तेलसंकट आलं, आणि रस्ते बदलले. आपल्याकडे २०२२ मध्ये अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. आकडे जाहीर झाले, चर्चासत्रं झाली, हेल्मेटच्या मोहिमा निघाल्या. हवामान, संस्कृती, चढउतार यांची कारणं देण्याआधी एवढं लक्षात ठेवावं की दोन देशांतला फरक किती माणसं मेली यात नव्हता, ती मेल्यावर रस्त्याचं काय केलं यात होता. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात नागपूरसारखं ऊन पडतं. तिथे गेल्या दोन दशकांत सायकलमार्गांचं जोडलेलं जाळं काही वर्षांतच टाकलं आणि सायकली अनेक पटींनी वाढल्या. तिथे तुकडे मोजले नाहीत, तुकडे एकमेकांना जोडले.

म्हणून सूचना एवढीच की शिस्त, संस्कृती आणि हॉलंड बाजूला ठेवून आधी माप बदलावं. सायकल ट्रॅकच्या निविदेत लांबीचे पैसे देऊ नयेत. पैसे द्यावेत सुरक्षित केलेल्या चौकाचे, आणि दोन चौक जोडले गेले तरच मधल्या पट्ट्याचे. मधे झाड, डीपी किंवा थांबा राहिला तर तो पट्टा जोडलेला धरू नये, मग पथ विभागाला महावितरणच्या दारात जाण्याचं कारण मिळेल. परीक्षा घ्यायची ती उद्घाटनाच्या रविवारी सकाळी, रस्ता बंद करून, पाहुण्यांच्या सायकल फेरीने घेऊ नये. ती मंगळवारी संध्याकाळी, शाळकरी मुलगी क्लासला निघते त्या वेळेच्या वाहतुकीत घ्यावी. याने मोठी पंचाईत होईल हे कबूल. आज वर्षाला पन्नास किलोमीटर जाहीर करणाऱ्या शहराला या हिशेबाने "यंदा चार चौक झाले" एवढंच सांगता येईल, आणि ती बातमी आतल्या पानावर तीन ओळींत जाईल. ज्या महापालिकेला तेवढ्या तीन ओळी पुरतात, तिनेच यापुढे सायकल ट्रॅकची निविदा काढावी.