तलावाकाठी बाटल्या फोडणाऱ्या महोदयांस

राजमान्य राजश्री महोदय यांसी,
कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली समक्ष भेट अजून झालेली नाही, हे माझं दुर्दैव. आपण शनिवारी रात्री तलावाच्या पाळीवर असता आणि मी रविवारी पहाटे तिथं पोचतो. पण आपण येऊन गेल्याच्या खुणा लगेच पटतात. धुमसणारी चूल, थर्माकोलच्या पत्रावळी, फरसाणाच्या पिशव्या आणि पाण्याच्या अगदी कडेला तपकिरी काचा. आपण सौंसरचे, पांढुर्ण्याचे की सीमेपलीकडून सावनेर-नागपूरकडून आलेले, हे चाकांच्या ठशांवरून कळत नाही. म्हणून कुठल्याच गावाला बोल लावत नाही. आपण सगळीकडचेच आहात.

सर्वप्रथम आभार मानतो ते आपण बाटली आख्खी ठेवत नाही म्हणून. आख्खी बाटली दिसते आणि उचलता येते. आपण ती दगडावर आपटता. मग तिचं बूड गाळात उताणं बसतं आणि फुटलेल्या कडा वर राहतात. इतकी अचूक मांडणी हातानं कुणाला जमणार नाही.

माझ्याकडे हवा भरायची कयाक आहे. आमच्याकडे पोरं तिला रबरी डोंगा म्हणतात. ती थेट काठावर चढवली तर तळ फाटतो, म्हणून गुडघाभर पाण्यात पाय खाली सोडून उतरावं लागतं. वल्ह्यानं गाळ ढवळलेला असतो आणि खाली काय आहे ते दिसत नाही. गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्यानं असाच पाय खाली सोडला. शिंगाड्याच्या पानांवरून टकाटक चालत जाणारा कमळपक्षी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. पाळीवर बसलेल्या आईला ते सांगायची त्याला घाई झाली होती. टाचेला पाच टाके पडले. रडला नाही. मला एवढंच म्हणाला, ''मामा, तो पक्षी पाण्यावर चालते, म्हणून त्याले नाही लागत ना?''

या प्रश्नाचं उत्तर आपणच द्यावं, ही नम्र विनंती. मला ते देता आलं नाही.

माझी कयाक हौसेची आहे, ती उद्या बंद ठेवता येईल. पण त्याच पाण्यात शिंगाडे काढणारे ढिवर कार्तिकाच्या थंडीत तासन् तास छातीभर पाण्यात उभे असतात. बोटांना शिंगाड्याचे काटे टोचतात, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तळव्यांखाली आपण काय अंथरलं आहे, ते मात्र त्यांना पाय टाकल्यावरच कळतं. म्हशीही तिथंच उतरतात. त्यांच्या वतीनंही आपले आभार मानायला हवेत, त्यांना लिहिता येत नाही.

पांढुर्ण्याची गोटमार आपण ऐकली असेलच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात, आणि पांढुर्णा नि सावरगाव दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड मारतात. माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. मला ती प्रथा पटत नाही. पण तिथं निदान दिवस ठरलेला असतो, दगड मारणारा समोर दिसतो. आपण बारमाही आहात आणि दिसत नाही.

पाण्यातून निघून पायवाट धरावी, तर तिथंही आपली कृपा आहेच. ही वाट संत्र्याच्या बागांच्या कुंपणाकडेनं जाते. आंबियाची संत्री पिकायला लागली की तिथं वास असा दरवळतो की पाय आपोआप हळू पडतात. हल्ली ते काचेमुळे हळू पडतात. पुढे साग आणि पळसाचं रान लागतं. फेब्रुवारी-मार्चात तिथं घोट्याएवढा पालापाचोळा साचतो आणि आपली चूल नेमकी त्यातच असते. मागच्या वर्षी पाण्याच्या दोन बाटल्या निखाऱ्यांवर ओतून प्यायला थेंब न ठेवता घरी आलो. आपल्या कामी आलो, यातच समाधान.

भूशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या गावाचं नाव आहे, हे आपल्याला कदाचित माहीत नसेल. 'सौंसर समूह' म्हणतात त्याला. शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे हे खडक पार बालाघाट, भंडारा, नागपूरपर्यंत पसरले आहेत आणि त्यांच्या पोटात मँगनीज आहे. पोरं वाटेवरचा काळा, जड दगड उचलून आणायची आणि विचारायची, ''हे काय व्हय?'' मी भान हरपून सांगत बसायचो. आता पोरांना वाटेवरचं काहीही उचलू नका म्हणून सांगतो. हे सांगताना मला फार वाईट वाटतं, महोदय. मी इथं थट्टा करत नाही.

काच तळाशी बसते, पण आपल्या पिशव्या प्रवासाला निघतात. पहिल्या पुरात नाल्यातून जाम, जाममधून कन्हान. त्या कन्हानचं पाणी नागपूर पितं. तिथून पुढे अंभोऱ्याला वैनगंगा, मग प्राणहिता, मग गोदावरी. इतक्या नद्यांपर्यंत पोचलेला माणूस आमच्या लहानशा तलावावर येतो, हा आमचा मान.

आपण येऊ नये, असं मी म्हणणार नाही. तलाव माझ्या मालकीचा नाही. चांदण्यात पाळीवर बसावंसं वाटतं, म्हणजे आपल्यालाही तो आवडतो. हिवाळ्यात चक्रवाक येतात, पहाटे त्यांचा आवाज पाण्यावरून ऐकू येतो. एकदा तेवढ्यासाठी थांबा. माझ्या कयाकमध्ये दुसरी जागा आहे, आपल्याला बसवून पलीकडे नेईन. चपला मात्र पायातच ठेवा.

पाळीवरच्या पळसाच्या खालच्या फांदीला मी एक पोतं बांधून ठेवलं आहे. दर रविवारी रिकामं करतो. बाटली न फोडता त्यात टाकावी. अंधारात सापडावं म्हणून त्याला पांढरी चिंधी बांधली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक डोंगेवाला, सौंसर