दगडफुलाचे सामरिक महत्त्व

आमच्या विजयनगरात, म्हणजे म्हैसूरच्या, दर दोन घरांआड एक निवृत्त प्राध्यापक सापडतो. त्यातल्या एकांची हयात दगडफुलात गेली. त्यांच्या शिष्याने ध्रुवाकडच्या दगडफुलावर संशोधनासाठी अनुदान मागितलं, ते नामंजूर झालं. अर्ज वाचून मी विचारलं, "सर, यात 'राष्ट्रीय सुरक्षा' कुठाय?"

जगाची रीत आता हीच आहे. 2014 साली अँकरेजच्या अलास्का विद्यापीठात आर्क्टिकचं केंद्र निघालं, तेही अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या पैशावर. बर्फ वितळतोय म्हटलं की लोक हळहळतात. वितळलेल्या वाटेने रशियन जहाजं येतील म्हटलं की तिजोरी उघडते.

खरं तर या शर्यतीत आपण केव्हाच पुढे होतो. टिळकांनी 1903 मध्येच आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे होतं, असा ग्रंथ छापला. अनुदान नाही, प्रकल्प अहवाल नाही. तेव्हाच कुणी तलाठ्याला गाठून सातबाऱ्यावर वारसनोंद करून घेतली असती, तर आज ध्रुव आपली वडिलोपार्जित मिळकत असता. ग्रीनलंड मागणाऱ्या ट्रम्पसाहेबांकडे एवढाही कागद नाही.

नोंद राहिली, म्हणून 2008 साली आपण आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र उघडलं. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोतून चालतो. बर्फाची चिंता समुद्राच्या वाऱ्यावर बसून केलेली बरी. ध्रुवाकडच्या बर्फाचा आपल्या पावसाशी काय संबंध, हे या केंद्रात शोधतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने सुरक्षा हीच, पण तिला गणवेश नाही. शिवाय 1920 च्या स्वालबार्ड तहाने तिथे लष्करी तळाला बंदी घातली आहे. म्हणजे 'सुरक्षा' हा शब्द दिल्लीत ठळक छापायचा आणि विमानातून उतरताना खिशात घालायचा.

बर्फातल्या जवानाचं पोट सांभाळणारी संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळा 1961 साली इथे म्हैसुरातच निघाली. चपाती टिकवणं हे संशोधन खरोखर सीमेवर पोचलं. पण चपातीवर परिसंवाद कोण भरवणार?

असो. सरांनी अर्जाचं नाव बदललं: 'उच्च अक्षांशांतील दगडफुलाचे सामरिक महत्त्व'. लगेच मुलाखतीचं बोलावणं आलं. समितीने एकच प्रश्न विचारला: "हे शत्रूच्या हाती लागलं तर?"

सर म्हणाले, "तर त्याचा गोडा मसाला आपल्यापेक्षा चांगला होईल."

पहिला हप्ता जमा झाला आहे.