प्रोपगेशनपंत

पंतांचं व्हिजिटिंग कार्ड एक, पण त्यावर धंदे चार: वेबसाइट, लग्नाचे बॅनर, सीसीटीव्ही आणि पॅन कार्ड दुरुस्ती. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात, पुण्यात एखाद्या पेठेतल्या जिन्याखाली, डोंबिवलीत बायकोच्या ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत, असे ते कुठेही भेटतात. माणूस कामसू. दोन रात्री जागून साइट उभी करतील. फोटो झकास, रंग तुम्ही म्हणाल तो, खाली व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं बटण. घोडं पेंड खातं ते पुढे. साइट तयार असते, डोमेन विकत घेतलेलं असतं आणि या दोघांची गाठ घालायची वेळ येते.

त्या क्षणापासून पंत एकच वाक्य बोलतात. ‘प्रोपगेशन चालू आहे. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास.’

आयसीयूच्या दारात येऊन डॉक्टर बोलतात, तोच सूर. ऐकणाऱ्याने मान खाली घालून बाकावर बसायचं.

देवगडच्या एका आंबेवाल्या काकांची साइट अक्षय्य तृतीयेच्या आधी सुरू व्हायची होती. पेट्या भरायला घेतल्या होत्या, मुंबईच्या पाहुण्यांना मेसेज गेले होते, आणि साइट काही उघडेना. काकांनी फोन केला की पंत त्यांना जगाचा नकाशा पाठवत. प्रत्येक शहरावर हिरवी बरोबरची खूण किंवा लाल फुली. ‘काका, बिनधास्त राहा. सिंगापूरला दिसतेय, साओ पावलोला दिसतेय. आता आपल्याकडे पोचायला कितीसा वेळ?’

काका म्हणाले, ‘थंयसून माका ऑर्डर कोण देतलो?’

पंतांच्या डोक्यात चित्र असं आहे, की आपण डोमेनच्या पॅनेलवर बटण दाबलं की काकांचं नाव जहाजात बसून देशोदेशीच्या बंदरांकडे निघतं. प्रत्यक्षात कोणी कुठे जात नाही. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेची, रचना मांडली, तेव्हापासून कारभार साधाच आहे. तुमचा इंटरनेटवाला नावाचा पत्ता विचारतो, मिळालेलं उत्तर ठरलेले सेकंद जवळ ठेवतो, मुदत संपली की पुन्हा विचारतो. या मुदतीला टीटीएल म्हणतात. ३६०० लिहिलं असेल तर एक तास, ८६४०० असेल तर एक दिवस. आदल्या दिवशी हा आकडा ३०० करून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी पाच-दहा मिनिटांत काम उरकतं. पंतांना हे माहीत असतं, पण आठवतं दुसऱ्या दिवशी.

अठ्ठेचाळीस तास ही शुद्ध थाप आहे असंही नाही. डॉट कॉम नावाचे नेमसर्व्हर, म्हणजे त्याचा पत्ता सांगणारे सर्व्हर, बदलले, तर डॉट कॉमच्या नोंदवहीतली मुदत १,७२,८०० सेकंदांची असते. भागाकार करून पाहा, बरोबर ४८ तास. म्हणजे एका विशिष्ट प्रसंगी, काही लोकांच्या बाबतीत, पंतांचं म्हणणं खरं ठरतं. त्या एका खऱ्या प्रसंगावर त्यांनी उरलेले सगळे भागवले आहेत.

काकांचं काय झालं होतं ते बघा. पॅनेलमध्ये होस्ट नावाचा एक चौकोन असतो. त्यात फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लिहायचं, पुढचं नाव पॅनेल स्वतः जोडतं. पंत पडले सविस्तर स्वभावाचे. त्यांनी पूर्ण पत्ता लिहिला. पॅनेलने इमानदारीत त्याला पुन्हा नाव जोडलं, आणि काकांच्या आंब्यांना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट आंबे डॉट कॉम डॉट आंबे डॉट कॉम असा पत्ता मिळाला. या पत्त्यावर अठ्ठेचाळीस तासच काय, पुढचा मोसम आला तरी कोणी फिरकलं नसतं.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवायच्या नावाची वेगळीच गंमत. तिथे पंतांनी नवा ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या सर्व्हरचा पत्ता, टाकला, पण डोमेन विकणाऱ्याने आधीच ठेवलेला जुना काढलाच नाही. दोन्ही पत्ते जिवंत. त्यामुळे साओ पावलोवाल्यांना कधी हापूस दिसे, कधी ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी. देवगडातही तेच. काकूंना आंबे, काकांना पाटी. रिफ्रेश केलं की काकांना आंबे. पंत खुशीत म्हणाले, ‘बघा, पसरतंय!’

मधल्या काळात काकांना कामं होतीच. कॅश साफ करा. इन्कॉग्निटोत उघडा. राउटर बंद करून चालू करा. वायफाय सोडून मोबाइल डेटावर बघा. यातला शेवटचा सल्ला खरंच शहाणपणाचा आहे. घरच्या इंटरनेटवाल्याने जुनं उत्तर धरून ठेवलं असेल तर मोबाइलवर ते लगेच कळतं. पण पंत तो चौथ्या नंबरवर देतात, तोवर काकांनी राउटरची वायर उपटलेली असते.

मग पंतांनी हुकमाचा पत्ता काढला आणि थेट नेमसर्व्हरच बदलले. साइट नाहीच उघडली, कारण घोटाळ्याच्या ओळी त्यांनी नव्या ठिकाणी जशाच्या तशा उतरवल्या. एमएक्स रेकॉर्ड तेवढे उतरवायचे राहिले. ते नसले की टपाल साइटच्याच पत्त्यावर जाऊन धडकतं, आपल्या पेटीपर्यंत पोचत नाही. काकांच्या सीएचे मेल परत जाऊ लागले. पंत म्हणाले, ‘तेही प्रोपगेशनच.’

शेवटी पुण्याहून भाचा आला. त्याने रेकॉर्डचं पान उघडलं, एक ओळ पुसली, एक दुरुस्त केली, मेलच्या ओळी परत घातल्या. आधीचं ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा काही वेळ साठवलेलं राहतं, त्यामुळे थोडी कळ काढावी लागली. तासाभरात साइट उघडली.

काकांनी पंतांना फोन लावला. पंत शांतपणे म्हणाले, ‘मी म्हटलं नव्हतं? अठ्ठेचाळीस तासांत होईल म्हणून?’ आणि बिलात ‘डीएनएस कॉन्फिगरेशन, १५०० रुपये’ ही ओळ वाढवली. काकांनी ती दिली, वर एक पेटीही दिली. पंतांवर कोणाला फार काळ रागावता येत नाही.

तुमच्याकडे पंत येणारच आहेत, तेव्हा एवढं करा. डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. डॉट कॉम घेतल्यावर पडताळणीचा मेल येतो, त्याला पंधरा दिवसांत उत्तर दिलं नाही तर डोमेन बंद पडू शकतं. पंतांनी तो मेल तुमच्यासाठी म्हणून उघडलेल्या एका खात्यावर मागवलेला असतो, आणि त्या खात्याचा पासवर्ड पंतांच्या जुन्या फोनमध्ये असतो.