बांध कोणत्या यादीत?

माझ्या कार्डावर नावाखाली ‘संघर्ष सल्लागार, आंतरराष्ट्रीय विकास’ असं उठावदार अक्षरांत छापलंय. मुंबईत ते पुढं केलं की खुर्ची मिळते. घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात पारावरच्या आजोबांनी ते हात लांब करून वाचलं, उलटून पाहिलं आणि विचारलं, ‘‘म्हंजे भांडणं लावता का मिटवता?’’

मी घसा खाकरून थेट मेरी अँडरसन यांच्या १९९९ सालच्या ‘डू नो हार्म’ला हात घातला. बाहेरून मदत आली की गावातली जुनी भांडणं पेटूही शकतात. म्हणून शेततळ्याचा पैसा देण्याआधी जोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या गोष्टींच्या याद्या करायच्या. आजोबांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. ‘‘मग बांध कोणत्या यादीत घालता?’’

आता बांधाचा विषय निघालाच आहे, तर मला कुणी आवरू नये. नकाशात ती एक मुकाट रेघ असते. शेतात मात्र दर नांगरटीला एखादं तास सरकते. ज्याचा बांध कोरला जातो त्याला ते रात्री झोपेतही कळतं, ज्याचा ट्रॅक्टर असतो त्याला दिवसाही दिसत नाही. मोजणी आणून हद्दीचे दगड रोवले, तर दगडांनाही पाय फुटतात. बांधावरच्या लिंबाची सावली दोघांची, फांदी तोडली की लिंब एकाचा. शेतरस्ता हवा असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३, असलेला अडवला तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम. मला हे वाचून पाठ करावं लागलं, आजोबांना तारखा खाऊन पाठ झालंय. २००७ मध्ये तंटामुक्तीची मोहीम आली. २०२३ मध्ये सलोखा योजना आली : बारा वर्षं एकमेकांची जमीन कसणाऱ्यांना अदलाबदलीसाठी हजार रुपये मुद्रांक शुल्क, हजार नोंदणी फी. एवढ्यात आमच्या कार्यशाळेचा चहासुद्धा होत नाही.

वरच्या कार्यालयाला मात्र तिमाहीला ‘मिटलेले संघर्ष’ आकड्यात हवे असतात. इथं माझं डोकं फिरतं. त्याच गावात दोन सख्खे भाऊ बांधापायी वर्षानुवर्षं अबोल. दोघी जावांच्या चुली मात्र बोलतात. विरजण, कढीपत्ता बांधावरूनच जातो-येतो. कापूस वेचताना धाकट्याला साप चावला. त्याच्या रानाला धड रस्ता नाही, कारण तो थोरल्यानेच अडवलेला. थोरल्याने बांध फोडून ट्रॅक्टर त्याच्या उभ्या तुरीत घातला, भावाला उचलून टाकलं आणि अंबड गाठलं. दवाखान्याच्या पायरीवर तो अनवाणी बसून होता. चप्पल कुठल्या सरीत राहिली, त्याला ठाऊक नव्हतं.

हे मी कोणत्या रकान्यात भरू?

धाकटा बरा होऊन आला. शेताकडं गेला, तूर पाहिली आणि किती वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य बोलला, ‘‘नुकसानभरपाई कोण देणार?’’

‘‘देतो की,’’ थोरला म्हणाला. ‘‘आधी मोजणी आण. मोडलेली तूर माझ्या हद्दीतली बी असू शकते.’’